पांढऱ्या भिंती, उबदार घर : वाचकांचे प्रश्न

भिंतींना रंग न लावता घरात ऊब कशी आणायची, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रं भाड्याच्या घरांतून आली आहेत. घरमालकाने रंग आणि खिळे या दोन्हींना मनाई केली आहे, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकात आहे.

प्रश्न : वाकडला बाराव्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतला आहे. हॉल १० बाय १४ फूट. भिंती पांढऱ्याफटक, फरशीही पांढरी. संध्याकाळी दिवे लावले की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. नवा सोफा आणला, कुंड्या आणल्या, तरी घर खायला उठतं. काय चुकतंय?
— वाचक, वाकड

उत्तर : भिंतीचं काही चुकलेलं नाही, दिव्याचं चुकलं आहे. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या खोल्याही चुन्याने पांढऱ्याच केलेल्या असत, पण त्या कुणाच्या अंगावर येत नसत. तिथे सागवानी खांब आणि तुळया होत्या, कोनाडे होते, आणि उजेड समईचा किंवा कंदिलाचा, म्हणजे पिवळसर आणि खालच्या उंचीवरून येणारा. पांढऱ्या भिंतीला संध्याकाळी स्वतःचा असा रंग राहत नाही, तिच्यावर जो उजेड पडेल तोच रंग ती घेते. तुमच्या हॉलमध्ये बहुधा छतालगत एक ट्यूब किंवा छतात बसवलेले गोल दिवे आहेत आणि त्यांच्या डब्यावर ‘कूल डे लाइट’, ६५०० केल्विन असं लिहिलेलं असणार. हा उजेड निळसर असतो. तो वरून सगळीकडे सारखा पडतो, त्यामुळे खोलीत सावलीच उरत नाही. डोळ्याला कुठे थांबावं ते कळत नाही.

म्हणून बाकी काही आणण्याआधी दिवे बदला. डब्यावर ‘वॉर्म व्हाइट’ आणि २७०० किंवा ३००० केल्विन हा आकडा पाहून घ्या. आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. त्याच डब्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, आणखी एक आकडा असतो. तो ८० च्या खाली नसावा, ९० मिळाला तर उत्तम. कमी सीआरआयच्या पिवळ्या दिव्याखाली लाल-केशरी कापड मळकट दिसतं आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. ‘पिवळा दिवा नको’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरा त्रास या स्वस्त बल्बचा झालेला असतो.

आता मांडणी. एका दिव्याचं काम तीन दिव्यांत वाटा. ९ वॉटच्या एलईडी बल्बमधून साधारण ९०० लुमेन उजेड मिळतो. तुमच्या मापाच्या हॉलला संध्याकाळी बसण्या-बोलण्यासाठी ९, ७ आणि ५ वॉटचे तीन बल्ब पुरतात. ९ वॉटचा उभा दिवा सोफ्याच्या बाजूला ठेवा. शेडची खालची कड जमिनीपासून साधारण ४० इंचांवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. त्याहून वर गेली तर बल्ब थेट डोळ्यांत येतो. ७ वॉटचा दिवा समोरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवा. तिथे पांढरी भिंत तुमच्याच बाजूने काम करते, कारण सगळा उजेड ती मऊ करून परत खोलीत टाकते. ५ वॉटचा टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर. तिन्हींचा रंग एकच हवा. एक दिवा ३००० चा आणि दुसरा ६५०० चा असे एकाच भिंतीवर पडले, तर एक पट्टा पिवळट आणि दुसरा निळा दिसतो, आणि भिंत डागाळल्यासारखी वाटते.

शेड कापडी, हातकागदाची किंवा बांबूची घ्या. बुरूड आळीतून १२ इंच व्यासाची सुबक विणीची टोपली आणून उलटी केली आणि तिच्या तळाला होल्डरच्या रिंगेच्या मापाचं भोक पाडलं, तरी उत्तम शेड होते. वीण फार विरळ नको, नाहीतर भिंतभर रेघांच्या सावल्या पडतात. पूर्ण बंद पत्र्याची शेड टाळा. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला साठते आणि बल्ब लवकर जातो.

छतातले मालकाचे दिवे काढू नका. झाडलोट, अभ्यास, हरवलेली वस्तू शोधणं यांसाठी ते लागतातच. जिथे होल्डर आहे तिथे बटण दाबाल तसा रंग बदलणारा बल्ब लावता येतो. साध्या एलईडीला डिमर मात्र जोडू नका, दिवा लुकलुकतो. डब्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं असेल तरच जोडा.

प्रश्न : कोथरूडचं घर, हॉलला पश्चिमेची ५ फूट रुंद खिडकी. खिडकीच्या मापाचे तयार ऑफव्हाइट पडदे आणले, पण खोली आणखीच ओकीबोकी दिसते. दुपारी ३ नंतर ऊनही अंगावर येतं. पडदे कसे निवडावेत?
— वाचक, कोथरूड

उत्तर : पडदा खिडकीच्या मापाचा घेतला इथेच घोटाळा झाला. पडद्याचं माप भिंतीवरून घ्यायचं असतं.

रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना ८-९ इंच बाहेर जाऊ द्या. तुमच्या खिडकीला साधारण साडेसहा फुटांचा रॉड लागेल. कापडाची एकूण रुंदी रॉडच्या किमान दुप्पट हवी, तरच चुण्या पडतात. म्हणजे १३ फूट. तयार पडद्याचं एक पान साधारण ४ फूट रुंद असतं, तेव्हा तीन पानं कमी पडतात, चार घ्यावीत. दोन पानं ताणून लावलेला पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो, मग कापड कितीही भारी असो.

उंचीचंही तसंच. खिडकीची वरची चौकट बहुधा ७ फुटांवर असते. रॉड त्याच्याही वर, साडेसात ते आठ फुटांवर घ्या आणि पडदा थेट जमिनीपर्यंत सोडा. तयार पडदे ५, ७ आणि ९ फुटांचे मिळतात. तुम्हाला ९ फुटी घेऊन खालून दुमडावा लागेल. सुती असेल तर आधी धुवा, मगच दुमडा. ९ फुटांचं सुती कापड पहिल्या धुण्यात ४-५ इंच सहज आटतं. आपल्याकडे फरशी रोज पुसतात, म्हणून पडदा जमिनीपासून एक इंच वर ठेवा. टेकवला तर पंधरा दिवसांत खालची कड काळी पडते.

रंग निवडताना एक करून बघा. दुकानातून कापडाचा हातभर तुकडा मागून आणा आणि दुपारी खिडकीच्या काचेवर धरून शेजारच्या पांढऱ्या भिंतीकडे बघा. मोहरी, हळद, गेरू, विटकरी अशा कापडातून आलेलं ऊन भिंतीवर उतरतं आणि भिंत फिकट केशरी होते. निळ्या किंवा करड्या कापडातून तीच भिंत थंड दिसते. रंग न लावता भिंत रंगवायची याहून सोपी रीत नाही. ऑफव्हाइट कापडाने भिंतीत काहीच भर पडत नाही, म्हणून तुमची खोली ओकीबोकी राहिली.

पश्चिमेला अस्तर लावाच. नुसत्या रंगीत सुती कापडाचा रंग कोथरूडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उडतो, तोही उभ्या पट्ट्यांत, आणि ते फार वाईट दिसतं. अस्तर पांढऱ्या जाड सुती कापडाचं, पडद्याला फक्त वरच्या कडेला शिवलेलं असावं. चारही बाजूंनी शिवलं तर दोन्ही कापडं वेगवेगळी आटतात आणि पडद्याला फुगवटे येतात. मात्र अस्तर लावलं की उजेड गाळून येत नाही. म्हणून अस्तर न शिवता वेगळ्या रॉडवर टांगून सकाळी बाजूला सारता येईल, असा दोन रॉडांचा ब्रॅकेट मिळाला तर पाहा.

घरात जुन्या सुती साड्या असतील तर हिशोब अगदी चपखल बसतो. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. तिची ९ फुटांची दोन पानं होतात आणि साडीचा पन्हाही तयार पडद्याच्या पानाएवढाच असतो. दोन साड्यांत तुमची खिडकी होईल. इरकलीचे काठ उभे आले की पांढऱ्या भिंतीवर फारच शोभतात. रेशमी साडी मात्र उन्हाच्या खिडकीला लावू नका. रेशीम उन्हाने कुजतं, आणि आजीची साडी दोन उन्हाळ्यांत चिरफाळलेली पाहणं जिवावर येतं.

प्रश्न : भोक पाडायचं नाही म्हणून चिकटणारे हुक लावले. तीन महिन्यांत फ्रेम पडली आणि हुकाबरोबर तळहाताएवढा रंगाचा पोपडा निघाला. डिपॉझिट कापलं जाणार. मग चित्रं लावायची तरी कशी?
— वाचक, बाणेर

उत्तर : चिकट हुक भिंतीला धरत नाही, भिंतीच्या सगळ्यात वरच्या थराला धरतो. गिलावा, त्यावर पुट्टी, प्रायमर, मग रंग अशी उतरंड असते, आणि यांतला जो जोड कच्चा असेल तो सुटतो. भाड्याच्या घरांत दर दोन-तीन वर्षांनी जुन्या रंगावरच घाईघाईने हात मारलेला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा नवा रंग जुन्यापासून सुटतो.

हुक लावण्यापूर्वी काळा फडका भिंतीवर जोराने चोळून पाहा. फडक्याला पांढरी भुकटी लागली तर तिथे डिस्टेंपर किंवा हलका रंग आहे, त्यावर काहीही चिकटवू नका. भुकटी आली नाही तर दाराआडच्या कोपऱ्यात सेलोटेपचा तुकडा दाबून लावा आणि तासाभराने झटकन ओढा. रंग निघाला नाही तर पुढे जायला हरकत नाही. जागा ओल्या फडक्याने नको, रबिंग अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. हुकाची चिकट पट्टी ३० सेकंद घट्ट दाबा आणि तासभर काहीही न टांगता सोडा. काढताना पट्टीची शेपटी भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढायची. आपल्याकडे ओढतात ती समोरच्या बाजूला, आणि पोपडा तिथेच निघतो. पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच टांगा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत गोंदाची पकड ढिली पडते.

ग्रॅनाइटची खिडकीची चौकट, लॅमिनेटचं दार, कपाटाची बाजू, टाइल या जागांवर तोच हुक वर्षानुवर्षं टिकतो. वजनदार काही असेल तर तिथे लावा.

घरमालकाला चार भोकांची लेखी परवानगी मागून पाहा. ‘सोडताना बुजवून देऊ’ असं लिहिलं तर पुष्कळ जण हो म्हणतात. मात्र आधी भिंत कसली आहे ते पाहा. नव्या उंच इमारतींत माइव्हन पद्धतीच्या भिंती अखंड काँक्रीटच्या असतात. तिथे खिळा वाकतो आणि रुपयाएवढा टवका उडतो. हॅमर ड्रिल आणि ६ मिलिमीटरचं बिट लागतं. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीत उलट प्रकार. ती इतकी मऊ असते की साधी गिट्टी (स्क्रू धरणारी नळी) आतल्या आत गरगर फिरते. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि लांब, त्याच भिंतीसाठी मिळणारी गिट्टी वापरायची. बोहरी आळीत भिंतीचा प्रकार सांगितला की दुकानदार नेमकी काढून देतात. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, वायर तिथूनच गेलेली असते. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीलाही हात लावू नका.

लावाल तेव्हा चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर येऊ द्या. सोफ्याच्या वर असेल तर सोफ्याच्या पाठीपासून ६ ते ८ इंच अंतर आणि सगळ्या चित्रांची मिळून रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश. लोक फार उंच लावतात, आणि मग चित्र आणि सोफा यांच्यामध्ये पांढरा पट्टा उघडा राहून दोन्ही एकमेकांना परकी दिसतात. बाहेरच्या भिंतीवरच्या फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा. मागून हवा खेळली की पावसाळ्यात बुरशी धरत नाही.

आता पडलेला पोपडा. कडा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुट्टीचे दोन पातळ हात द्या, मधे वाळू द्या, पुन्हा घासा. रंग मालकाला विचारूनच आणा. पांढऱ्यातही दहा छटा असतात, आणि दुरुस्तीचा तुकडा वेगळा दिसला तर पोपड्यापेक्षा जास्त डोळ्यांत खुपतो.

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. तिची खोली पांढरी आणि फार रिकामी वाटते म्हणून दोन सतरंज्या टाकल्या, पण ती परवा अडखळली. आता खोली उबदार कशी करू?
— वाचक, सहकारनगर

उत्तर : सतरंज्या आजच उचला. व्हिट्रिफाइड फरशीवर सुटी सतरंजी सरकते आणि तिची झालर पायात येते. टाकायचीच असेल तर एकच मोठी, ५ बाय ७ फुटांची, झालर नसलेली टाका. पलंगाचे दोन पाय तिच्यावर येऊ द्या, म्हणजे ती जागची हलणार नाही. खाली रबरी जाळी घाला, ती सतरंजीपेक्षा चहूबाजूंनी इंचभर लहान कापा. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळीच ठेवा.

ऊब जमिनीऐवजी पलंगावर आणि पलंगामागे आणा. पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर गोधडी टांगा. पाठ टेकली तर थंड भिंत लागत नाही, आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तोही कमी होतो. पायथ्याशी गडद रंगाची सोलापुरी चादर घडी करून ठेवा.

दिवा पिवळसर करा, पण मंद करू नका. वयानुसार डोळ्याला उजेड जास्त लागतो. खोलीत एकूण उजेड आहे तेवढाच ठेवून फक्त रंग ३००० केल्विनवर आणा, आणि बाथरूमच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला रात्रीचा दिवा लावा. आणखी एक गोष्ट बघा. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी खुर्ची, पांढरं बटण, पांढरी दाराची चौकट असेल तर म्हाताऱ्या डोळ्यांना कडा दिसत नाहीत. खुर्चीवर विटकरी रंगाचं खोळ घाला आणि दाराच्या मुठीला रंगीत दोरा गुंडाळा. या खोलीत आधी त्यांना चालताना काय दिसतं ते पाहा, शोभेचं नंतर.

प्रश्न : खळ लावून कापड भिंतीला चिकटवता येतं आणि पुढे पाण्याने निघतं, असं कळलं. पुण्यात चालेल का?
— वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : निघतं हे खरं, पण पुण्यात करू नका. खळ म्हणजे पिठूळ खाद्यच. पावसाळ्यात बुरशीला, एरवी कसर आणि झुरळांना. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर कापडामागे ओल कोंडते आणि ती कळेपर्यंत पुट्टी फुगलेली असते.

कापड टांगा. ४ बाय ६ फुटांचं सुती कापड घ्या, वरच्या आणि खालच्या कडेला २ इंचांचा बोगदा शिवा आणि दोन्हींत बांबूची काठी सरकवा. खालच्या काठीच्या वजनाने कापड ताठ राहतं. वरच्या काठीला सुती दोरी बांधून दोन हुकांवर अडकवा. खणाचं कापड घेणार असाल तर पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो, तेव्हा दोन पट्टे उभे जोडावे लागतील. जोडावर काठ येऊ द्या, टाका झाकला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा काढून भिंत हाताने चाचपा. गार-ओलसर लागली तर पाऊस संपेपर्यंत कापड घडी करून ठेवा.

प्रश्न : सदाशिव पेठेत परीक्षेच्या तयारीसाठी खोली घेतली आहे, १० बाय १०. एक खिडकी, तीही बोळाकडे. खर्च फार करता येणार नाही. दीड हजारात काय करावं? झाडं जगतील का?
— विद्यार्थी वाचक

उत्तर : पहिला खर्च टेबलाच्या दिव्याचा. अभ्यासाला ४००० केल्विनचा बल्ब लावा, पिवळ्या दिव्यात रात्री पेंग येते. तो उजेड फक्त टेबलावर पडेल असा वाकवा. दुसरा ५ वॉटचा वॉर्म व्हाइट बल्ब कॉटच्या कोपऱ्यात, अभ्यास संपल्यावर लावण्यासाठी. उजेडावरून काम आणि आराम वेगळे पडले की १० बाय १० च्या खोलीत दोन खोल्या झाल्यासारखं वाटतं. उरलेल्या पैशांत गडद पलंगपोस आणि खिडकीला गेरू रंगाचा सुती पडदा. खिडकीच्या कोनाड्यात घट्ट बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, भोक लागत नाही. ४ फुटांपर्यंत हलका पडदा तो सहज पेलतो, जाड कापडाने घसरतो.

झाड एकच आणा, स्नेक प्लांट किंवा झीझी. कमी उजेडातही ही दोन्ही तग धरतात. कुंडीला खाली भोक हवं. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. उन्हाळ्यात १०-१२ दिवसांनी, पावसाळ्यात तीन आठवड्यांनीही चालतं. ही झाडं मरतात ती रोजच्या कपभर पाण्याने, मुळं कुजून. पानं पिवळी आणि बुडाशी मऊ पडली तर पाणी थांबवा, झाड उपसा, काळी मुळं कापा आणि कोरड्या मातीत पुन्हा लावा.